मागचा ट्रे

१

माझं दुकान फ्रिजचं. नवे विकतो, जुने घेतो, जुन्यांना नवं करून परत विकतो. शाळा अर्ध्यात सुटली. मग मशीनशी बोलायला शिकलो आणि गिऱ्हाइकाशी बोलायला शिकलो, एवढीच माझी विद्या. त्यातली दुसरी जास्त कामाला आली. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून पाळली आहे. दुकानाची काच सकाळी मी स्वतः पुसतो. काच लख्ख असली की गिऱ्हाईक आपल्या पायांनी आत येतं, हाक मारावी लागत नाही.

आलेल्या माणसाला मी आधी बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, "घरच्या फ्रिजच्या मागचा ट्रे शेवटचा कधी धुतलात?"

नवराबायको एकमेकांकडे बघतात. "मागे ट्रे असतो?"

असतो. आतला बर्फ वितळला की त्याचं पाणी एका बारीक भोकातून मागे उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या डोक्यावर बसवलेल्या ट्रेमध्ये साठतं. कॉम्प्रेसर गरम, म्हणून पाणी उडून जातं. गाळ तेवढा राहतो. तुम्ही आतल्या काचा घासता, दाराचं रबर पुसता, वर छानसं कापड घालता आणि मागे अंधारात तो ट्रे तुमच्या घराचा वास गोळा करत बसलेला असतो.

मग मी मटाराची गोष्ट सांगतो. एक बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "कुलूप लागणारा फ्रिज दाखवा." म्हटलं, काय झालं? तर म्हणे रोज सकाळी फ्रिजपुढे पाण्याचं थारोळं असतं. सासूबाई काहीतरी काढतात, पाणी सांडतात आणि साफ नाही म्हणतात. दोघींचं बोलणं बंद. नवरा मधल्या मध्ये वाळून चाललेला. मी त्यांच्या घरी गेलो, आतल्या भोकात तार घातली आणि मटाराचा एक दाणा बाहेर काढला. त्याने भोक बुजवलं होतं, त्यामुळे पाणी मागे न जाता पुढे येत होतं. दाणा तळहातावर ठेवून म्हटलं, "हा घ्या तुमचा चोर." तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "आता लावा म्हणावं याला कुलूप."

इथे मी थांबतो. गिऱ्हाईक हसतं. हसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जात नाही.

घरीही ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल. बायको भाजी चिरता चिरता म्हणते, "हो का." तिचं ते "हो का" मला फार आवडायचं. इतकी वर्षं झाली, पण कौतुकाचा सूर काही उतरला नाही, असं वाटायचं.

२

आमच्या स्वयंपाकघरातून पूर्वी पलीकडच्या खोलीत जायला एक दार होतं. आधीच्या मालकाने ते पलीकडून विटांनी बुजवलं. आमच्या बाजूला माणूसभर उंचीचा कोनाडा तेवढा उरला. बायकोला तिथे फळ्या मारून हव्या होत्या. मी कोनाड्याच्या तोंडाशी फ्रिज उभा केला.

"पाठीमागे हवा खेळायला जागा हवी," मी म्हटलं.

"मला पण हवी आहे," ती म्हणाली. मी हसलो. विनोदाला दाद द्यावी.

हवा बदलली की एखाद्या रविवारी मी फ्रिजची मागची बाजू साफ करतो. पायपुसणं उलटं करून पुढच्या पायांखाली सरकवायचं. मग एक कोपरा, मग दुसरा कोपरा, असं करत फ्रिजला चालवत बाहेर आणायचं. प्लग काढायचा. मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने वरून खाली उतरवायची. ट्रे सोडवताना जपायचं, पत्र्याला कड असते. तरुणपणी त्याच कडेने माझ्या उजव्या अंगठ्याचं नख उभं फाटलं, ते अजून दुभंगलेलंच वाढतं. सगळं झालं की दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघायची. सहज निघाली तर रबर सैल. सगळे हँडलच्या बाजूला बघतात. मी बिजागरीच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात बघतो, कारण रबर पहिला दगा तिथे देतं. हे मी कोणालाच शिकवलेलं नाही. धंद्यात एखादी गोष्ट आपल्यापाशी ठेवावी.

त्या रविवारी फ्रिज बाहेर आणला आणि ब्रश हातातच राहिला.

जाळीवर धुळीचा कण नव्हता. ट्रे धुतलेला होता, तळाशी पाण्याचे थेंब अजून गोल उभे होते. दार उघडलं तर बिजागरीच्या बाजूने, खालच्या कोपऱ्यातून, कागदाची पट्टी खाली पडली.

"अगं, फ्रिजच्या मागे कोणी हात लावला का?"

"तुमच्याशिवाय कोण लावणार?" ती ओट्याशी होती, मागे वळली नाही. "माझा खांदा हा असा. वरचा डबा काढता येत नाही मला, फ्रिज कुठे ओढू?"

ते खरंच होतं. ट्रे होता तसा परत बसवला, फ्रिज जागेवर चालवत नेला आणि हात धुतले. हाताला मळ लागला नव्हता, तरी बराच वेळ धुतले.

३

संशय हा त्या मटाराच्या दाण्यासारखा. असतो केवढासा आणि पाणी घरभर करतो.

माझ्या दुकानात एक मेकॅनिक आहे. उंच, हसरा, शीळ घालत काम करणारा. बायका तक्रार करायला येतात आणि त्याला बघून मवाळ होतात. आमच्या घरीही तो एकदोनदा येऊन गेला होता. बायको त्याला भाऊ म्हणते. पण भाऊ म्हणताना चहाचा कप काठोकाठ भरते, आणि माझ्या कपात मात्र बोटभर जागा ठेवते. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. आता दिसायला लागलं.

आणखीही बरंच दिसायला लागलं. संध्याकाळी घरी आलो की मोरीत दोन कप असायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझी खुर्ची किंचित मागे सरकवलेली असायची, कोणी नुकतं उठून गेल्यासारखी. बायको हल्ली गुणगुणायची, मी आलो की थांबायची. फ्रिजजवळून जाताना बोटाच्या पेराने त्याच्या अंगावर वाजवायची. टक टक.

"हे काय?"

"कुठे काय? सुरू आहे का बघते."

"सुरू असला की आवाज येतोच की."

"हो का," ती म्हणाली.

मी फ्रिज चालवत बाहेर आणला. ट्रे लख्ख. पुन्हा काही दिवसांनी आणला, पुन्हा लख्ख. चोर घरातून काही नेतो, हे कळतं. हा माणूस येतो, माझ्या खुर्चीवर बसतो, चहा पितो आणि माझं काम माझ्याहून नीट करून जातो. याला कोणत्या नावाने शिव्या द्यायच्या?

४

एक दिवस मी मेकॅनिकला नजरेआड होऊच दिलं नाही. बाहेरची कामं दुसऱ्यांकडे ढकलली. त्याला समोर बसवून जुन्या कॉम्प्रेसरचा ढीग निवडायला लावला. जेवायला माझ्या शेजारी बसवलं. तो हात धुवायला गेला तरी मी दारात उभा.

"शेठ," तो शेवटी म्हणाला, "माझ्याशी लग्न करायचा विचार आहे का? सकाळपासून तुमची नजर हलत नाही."

"काम बघतोय तुझं."

"काम इथे आहे, खाली. तुम्ही तोंड बघताय."

दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसलो. दुपार उतरली तशी दुकान त्याच्यावर सोपवून तडक घरी आलो. बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. मोरीत दोन कप, दोन्ही ओले. खुर्ची मागे सरकलेली. मी खुर्चीवर हात ठेवला.

बैठक कोमट होती.

मेकॅनिकवरचा संशय फिटला, त्याचं हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मेकॅनिक होता तोवर निदान ओळखीचा होता.

५

त्या संध्याकाळी बायकोने माझ्या हातात कप दिला आणि देता देता माझा अंगठा धरला. उजेडाकडे वळवला.

"अरे, परत फाटलं?"

"परत म्हणजे? लग्नाच्या आधीपासून असंच आहे हे."

"नाही हो. दुपारी चांगलं भरून आलेलं होतं. मी म्हटलंसुद्धा तुम्हाला."

"कोणत्या दुपारी?"

"आजच्या. असं काय करता?" ती हसत होती. तिला वाटलं मी गंमत करतोय. गमती मीच करतो या घरात, तिचं तरी काय चुकलं? "येता ना दुपारी. निवांत बसता."

"मी येतो. बरं. आणि काय करतो?"

"ऐकता."

"आणि बोलतो काय?"

"दुपारी?" ती पुन्हा हसली. "दुपारी तुम्ही कुठे बोलता!"

मी कप खाली ठेवला. व्यापारी माणूस घाबरला तरी आधी हिशेब लावतो. बायको खोटं बोलत असेल, तर असलं खोटं कोण बोलेल? ज्याला लपवायचंय तो "तुम्हीच आलात" म्हणेल का? बरं, कोणी माझ्यासारखा दिसणारा येत असेल, तर माझ्या बिजागरीच्या कोपऱ्याचं त्याला कसं माहीत? राहता राहिलो मी. मी दुपारी दुकान सोडून येतो आणि विसरतो? पण आज मी मेकॅनिकच्या बाजूला बसून जेवलो होतो, भरल्या दुकानात, साक्षीदारांसमोर.

हिशेब कुठूनच जुळेना. आणि खरं सांगू, त्या घडीला भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी आत जळत होतं. तिने "निवांत" हा शब्द ज्या तऱ्हेने उच्चारला तो मला सोसवला नाही. आमच्या सगळ्या संसारात तिने माझ्यासाठी तो शब्द वापरला नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर गेल्याची वेळ साधून मी घरात शिरलो. पायपुसणं उलटं केलं, फ्रिज एका कोपऱ्याने पुढे आणला, फटीतून अंग आडवं करून कोनाड्यात गेलो. प्लग तसाच ठेवला. फ्रिज बंद पडलेला बघून तिला संशय आला असता. छातीशी गरम जाळी, पाठीशी भिंत. जागा मी समजत होतो त्याहून ऐसपैस होती. आणि भिंत ऊबदार होती. जाळीची ऊब समोरून येते. ही मागून येत होती, खांद्यांच्या उंचीला, जणू इथे कोणी बराच वेळ पाठ टेकून उभं होतं आणि आत्ताच बाजूला झालं.

चपलांचा आवाज आला. ती आली. कपड्यांचा ढीग खाली ठेवला. मग फ्रिजच्या अंगावर, माझ्या कानाशी, टक टक.

"आलात का?"

मी श्वास धरला. पकडला गेलो, असंच वाटलं. पण तेवढ्यात टेबलाशी माझी खुर्ची सरकली. बाहेरचं दार वाजलं नव्हतं. पावलं वाजली नव्हती. खुर्ची सरकली आणि कोणीतरी बसलं.

तिने चहा ओतला. एक कप, दुसरा कप. आणि मग ती बोलायला लागली. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"डॉक्टरांकडे जाऊन आले. खांदा उघडावा लागेल म्हणतात. हात पहिल्यासारखा होईल की नाही, सांगता येत नाही म्हणाले." बशीचा आवाज. "मला फार भीती वाटते हो. संध्याकाळी सांगायला गेले तर तुम्ही मला कोणाच्या तरी खांद्याची गोष्ट सांगाल. कोण कसा मस्त बरा झाला आणि शेवटी काय म्हणाला. मग मला हसावं लागेल."

समोरचा काही बोलला नाही. पण त्याचं ते न बोलणं मला जाळीतून ऐकू येत होतं. भरीव होतं. त्यात ती टेकून बसली होती.

एक पाऊल पुढे टाकलं असतं तर मी बाहेर आलो असतो. आलो असतो तर काहीतरी बोललो असतो, आणि बोललो असतो तर तिचं बोलणं थांबलं असतं. मी हललो नाही. मत्सराने अंग पेटलं होतं आणि तरी कान टवकारून ऐकत होतो, कारण बायको पहिल्यांदाच मला काहीतरी सांगत होती, जरी दुसऱ्याला सांगत असली तरी.

"असेच राहा ना," ती म्हणाली. "संध्याकाळीसुद्धा."

खुर्ची मागे सरकली.

पावलं फ्रिजकडे आली. मी फटीला डोळा लावला. एक पाठ वाकली, माझ्या शर्टाची. एका हाताने पायपुसण्याचं टोक चाचपलं, उलटं आहे ना ते बघितलं, मी बघतो तसं. मग फ्रिजच्या कडेवर चार बोटं आली आणि त्यांच्यावर अंगठा. उजवा. नख उभं फाटलेलं.

एक कोपरा. दुसरा कोपरा. फट अर्धी झाली, दोरीएवढी झाली. तोंड दिसेल म्हणून मी वर बघितलं. तिथे फक्त कान होता. माझ्याकडे वळवलेला, लक्ष देऊन ऐकत असलेला.

मग अंधार. मी माझा उजवा अंगठा चाचपला. नख गुळगुळीत होतं.

७

मी ओरडलो. मला तरी वाटतं की ओरडलो.

"आज फ्रिज जास्तच वाजतोय," बायको म्हणाली.

"जुना झालाय. बघतो एखाद्या रविवारी."

आवाज माझा होता. गिऱ्हाइकाला बसवतानाचा, पाणी देतानाचा, तोच आपुलकीचा. मी खांदा लावून ढकललं. बाहेरून पोरासारखा चालणारा फ्रिज आतून डोंगर झाला होता. मी पुन्हा ओरडलो, कॉम्प्रेसर खडखडला आणि शांत झाला.

बाहेर दिवा लागला. त्याची पिवळी रेघ फरशीवरून माझ्या पायांपर्यंत आली. ताटं मांडल्याचा आवाज. सुरीचा आवाज. आणि तो म्हणाला, "तुला सांगतो, एक बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, कुलूप लागणारा फ्रिज दाखवा."

सगळी गोष्ट सांगितली त्याने. सासूबाईंचा आवाज काढला. दाणा तळहातावर ठेवला असणार, कारण नेमका तिथे थांबला. मी थांबतो त्याच जागी.

सुरी थांबली नाही.

"हो का," बायको म्हणाली.

समोर बसून ते कधी ऐकू आलं नव्हतं मला. इथून, जाळीच्या या बाजूने, अगदी स्वच्छ ऐकू आलं. त्यात कौतुक नव्हतं. कधीच नव्हतं. दुकान बंद करताना शटर ओढतात ना, तसा तो आवाज होता.

खांद्याचं तिने त्याला सांगितलं नाही.

८

दुपारी टक टक होते आणि मी खुर्चीवर असतो. कसा बाहेर येतो ते विचारू नका, मलाही कळलेलं नाही. समोर चहा असतो, काठोकाठ. ती बोलते. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. मी तोंड उघडतो, पण आवाज येत नाही. ती म्हणते, "बसा हो निवांत." मी बसतो. ऐकतो. तिच्या आईचं ऐकलं, गाणं का सोडलं ते ऐकलं. ऑपरेशनची तारीख ठरली, तीही मला माहीत आहे. त्याला नाही.

इतकं सुख मला आधी मिळालं नव्हतं. मग ऊन टेबलावरून उतरतं आणि मी पुन्हा भिंतीला पाठ लावून उभा असतो. बाहेर त्याची किल्ली वाजते.

संध्याकाळ मला सोसत नाही. तो तिच्या समोर बसतो, जेवतो, हसतो, दिवा मालवून तिच्याबरोबर खोलीत जातो. माझ्या गोष्टी सांगतो. माझ्या घरात, माझ्या अंगात, माझ्या फाटक्या नखासकट मिरवतो. आणि ती "हो का" म्हणते, ते त्याला कौतुक वाटतं. मूर्ख माणूस!

पण मी व्यापारी आहे. हातात वेळ आहे, कापड आहे, ब्रश आहे. जाळी वरून खाली झाडतो. ट्रे धुतो, तळाशी थोडे थेंब राहू देतो. दुपारी बाहेर असताना बिजागरीच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, कागदाची पट्टी खोचून ठेवतो. काच लख्ख असली की हाक मारावी लागत नाही.

काल रविवार होता. पायपुसणं सरकल्याचा आवाज आला. एक कोपरा. दुसरा कोपरा. उजेड आत आला. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, पण त्याला फक्त ट्रे दिसत होता. मीही त्या रविवारी फक्त ट्रेच बघितला होता.

मग तो मान न वळवता म्हणाला, अगदी सहज, आवाजात काही न आणता, "अगं, फ्रिजच्या मागे कोणी हात लावला का?"

मी भिंतीला थोडा आणखी सरकलो. जागा केली.